दुसऱ्या मथुराबाई

निळवंडी संस्थानात मथुराबाई नावाच्या तीन राण्या होऊन गेल्या होत्या. सुनेचं माहेरचं नाव उंबऱ्याबाहेर ठेवायचं आणि घराण्याला लाभलेलं नाव तिला द्यायचं, अशी त्या राजघराण्याची रीत. मथुरा हे नाव लाभलेलं समजलं जाई. त्यामुळे एक आजेसासू, एक नातसून आणि एक कितीतरी पिढ्यांनंतरची सून, अशा तिघी एकाच नावानं इतिहासात जमा झाल्या होत्या. त्यांना एकमेकींपासून वेगळं ठेवण्याचं काम साताऱ्याच्या वैजयंती शेडगेकडे होतं.

वैजयंती मराठी महाकोशात शीर्षक-संपादक होती. एके काळी या कामाला कुणी काम म्हटलं नसतं. पण आता लेख उघडून वाचणारे फार थोडे उरले होते. लोक सांगातीला विचारत. सांगाती म्हणजे कानात बसणारं शेंगदाण्याएवढं यंत्र. विचारलेलं नाव ते कोशात शोधी, त्या शीर्षकाखालचा मजकूर उचली आणि दोन-तीन वाक्यांत उत्तर देई. एका शीर्षकाखाली जे काही सापडेल ते एकाच माणसाचं, असं धरून ते चाले. एकदा पहिल्या आणि शेवटच्या मथुराबाईंच्या नोंदी चुकून एकत्र झाल्या, तेव्हा शाळाशाळांतली मुलं बिनदिक्कत लिहून आली की मथुराबाईंना मरणानंतर शंभर वर्षांनी मुलगा झाला. कोशाच्या कचेरीत सगळे हसले. वैजयंतीला मात्र दिवसभर चैन पडलं नाही. दोन बायका एका नावाखाली गेल्या की त्यांतली एक कायमची नाहीशी होते, हे ती रोज पाहत होती.

म्हणून शीर्षकातल्या नावापुढच्या एकेका कंसासाठी ती तासन् तास घालवी. नावापुढे नवऱ्याचं नाव घातलं तर ओळख पटते, पण बाई नवऱ्याच्या सामानात जाऊन बसते. सालं घातली तर गोंधळ टळतो, पण सालावरून कोण कुणाला शोधतं? आकडे घालावेत, तर त्या बायकांनी स्वतःला कधी मोजलेलं नव्हतं.

मधल्या मथुराबाईंच्या बाबतीत हा प्रश्नच नव्हता. नुसतं ‘मथुराबाई’ म्हटलं की लोकांना त्याच हव्या असत. नवरा तुळाजीराजे ऐन तारुण्यात गेले, तेव्हा पदरात व्यंकोजी नावाचा तान्हा मुलगा होता आणि गादीवर डोळा ठेवून बसलेला चुलतदीर होता. मथुराबाईंनी मुलाच्या नावानं राज्य चालवलं आणि नदीला दगडी बंधारा घातला. त्या बंधाऱ्याच्या पाण्यावर अजून ऊस-भात होत होता. निळवंडीतल्या बायका त्यांची एक गोष्ट सांगत. बाळंतपणातच मथुराबाई गेल्या होत्या म्हणे. पण पाळण्यातलं लेकरू रडायला लागलं, आणि त्या रडण्यानं त्या मरणातून उठून आल्या. ज्या बाईचं मूल गेलं असेल, तिनं बंधाऱ्याच्या भिंतीतल्या लोखंडी कडीला सुताची दोरी बांधायची आणि मागणं मागायचं. गेलेलं लेकरू परत येतं.

वैजयंतीच्या आईचं माहेर निळवंडी. तिनंही एकदा तिथं दोरी बांधली होती.

*

डॉक्टर नौशाद मुजावरांचा निरोप आला, तेव्हा वैजयंती पुण्याला त्यांच्या प्रयोगशाळेत गेली. मुजावर जुन्या वस्तूंवरचे मानवी अंश वाचत. माणूस मनमोकळा होता, पण त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा विचारला नाही.

“ताई, बसा. निळवंडीच्या संग्रहालयातल्या मथुराबाईंच्या वस्तू आम्ही तपासल्या. आधी पद्धत सांगतो, मग निष्कर्ष. नाहीतर तुमचा विश्वास बसणार नाही.”

त्यांनी तिला पापडासारखा पातळ, किंचित चिकट असा एक पारदर्शक तुकडा दाखवला. तो कापडावर किंवा लाकडावर काही वेळ ठेवला की वस्तूला धक्का न लागता तिच्यात मुरलेले घामाचे, लाळेचे, दुधाचे सूक्ष्म अंश त्याला चिकटून येत. काळाबरोबर पेशी मोडतात, पण त्यांतली प्रथिनं चिवट असतात. शेकडो वर्षं धाग्यांत अडकून राहतात. सोबत आनुवंशिक द्रव्याचे तुकडेही सापडतात. ते फाटलेल्या कागदासारखे असतात, पण पुरेसे तुकडे जुळवले की एक माणूस दुसऱ्यापासून वेगळं काढता येतं.

“राजघराण्यात दहन होतं. हाडं मिळत नाहीत,” मुजावर म्हणाले. “पण माणूस वस्तूंना लागून राहतो. ही कुंची बघा. राजपुत्राची. हिच्यावर बाळाची लाळ आहे आणि बाळानं ओकलेलं दूध आहे. दूध दोन बायकांचं आहे.”

“दाई असेल. राजवाड्यात दाई असायचीच.”

“मीही तेच म्हटलं. आतल्या थरातलं थोडंसं दूध बाळाच्या सख्ख्या आईचं. त्याच्यावरचं सगळं दुसरीचं. मग आम्ही फणी घेतली. हस्तिदंती, नावानिशी मथुराबाईंची. तिच्या दात्यांत केस अडकलेत. थोडे आईचे, बाकीचे त्या दुसरीचे. लग्नातला शेला आईचा. उतारवयातली शाल दुसरीची. आणि राज्याचा शिक्का, ज्याला राणीशिवाय कुणी हात लावायचा नाही, त्याच्या लाकडी मुठीत वर्षानुवर्षं मुरलेला घाम एकाच बाईचा. त्या दुसरीचाच.”

वैजयंती पुन्हा त्या कुंचीकडे पाहू लागली.

“आई बाळंतपणातच गेली असणार. तिच्या शेवटच्या अंशांत जंतुदोषाच्या खुणा आहेत. ती गेली हे कळलं असतं, तर चुलत्यानं गादी घेतली असती आणि बाळही जगलं नसतं. म्हणून कुणीतरी मरण लपवलं आणि दाईला पडद्याआड बसवलं. पडद्यामागचा चेहरा कोण बघणार?”

“कोण होती ती?”

मुजावरांनी पडद्यावर एक लांबलचक केस मोठा करून दाखवला. “नाव नाही सांगता येत. पण हा केस बघा. केस वाढताना त्या त्या वेळचं खाणं आपल्यात साठवत जातो. नाचणी-ज्वारी हवेतला कार्बन एका तऱ्हेनं घेतात, भात दुसऱ्या तऱ्हेनं, आणि तो फरक केसात उतरतो. या केसाचं टोक सगळ्यात जुनं. तिथं नुसती नाचणी आहे, आणि मधेमधे उपासमार. मुळाकडे येताना एकदम भात आणि दूधतूप. नाचणी खाणारी, पुष्कळदा उपाशी राहिलेली डोंगरातली पोर होती, ताई. वय अठराच्या आतबाहेर. पुढं सगळं आयुष्य तिनं दुसऱ्या बाईच्या नावानं काढलं. बंधारा तिनं बांधलाय.”

“हे प्रसिद्ध कधी करणार?”

“शोधनिबंध तयार आहे. पण तो वाचणार कोण? शेपन्नास माणसं. महाकोशात तुम्ही काय शीर्षक देता, त्यावर ती होती की नव्हती हे ठरणार.”

*

परतीच्या वाटेवर वैजयंतीच्या डोक्यात राणीपेक्षा आई जास्त होती.

त्यांच्या घरात, बाहेरच्या खोलीत, चार वर्षांच्या एका मुलीचा फोटो होता. दोन वेण्या, एका हातात अर्धवट खाल्लेलं मक्याचं कणीस. येणारा-जाणारा म्हणे, “वैजू, तू लहानपणापासून अश्शीच आहेस हां.” वैजयंती हसून सोडून देई. फोटोतली मुलगी ती नव्हती. तीही वैजयंतीच होती, पण आधीची. सुट्टीत आजोळी निळवंडीला गेलेली असताना तापानं गेली. त्यानंतर आईनं बंधाऱ्यावर जाऊन दोरी बांधली. पुढं मुलगी झाली, आणि तिच्या डाव्या खांद्यावर तसाच तीळ निघाला. आईनं बारशाला पाहुण्यांना विचारलंसुद्धा नाही. “हिचं नाव ठेवलेलंच आहे,” म्हणाली.

फोटोला कधी हार घातला गेला नाही. श्राद्धपक्षात त्या मुलीचं नाव निघालं नाही. उलट आई वैजयंतीला सांगे, “तुला आंबट वरण किती आवडायचं! वाटीत तोंड घालून प्यायचीस.” वैजयंतीला आंबट वरण आवडत नसे. तरी ती प्यायची. शाळेत पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा आई म्हणाली होती, “मला ठाऊकच होतं, तू तेव्हासुद्धा अशीच हुशार होतीस.” आपल्या जन्माआधीची कुणीतरी आपली बक्षिसं घेऊन जाते, हे त्या वयात तिला सांगता आलं नाही. पुढं वडील गेले, वैजयंतीनं लग्न केलं नाही, मायलेकी दोघीच राहिल्या, आणि हा विषय कधीच निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गवार निवडत बसली होती. वैजयंती तिच्यासमोर बसली आणि शेंगा मोडता मोडता तिनं मुजावरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. फक्त दाईचं आणि दुधाचं सांगितलं नाही. ते सांगणं तिला नीट जमलं नसतं.

आईचे हात थांबले नाहीत. “मग काय करणार तू?”

“दोन लेख करावे लागतील. दोन शीर्षकं.”

“कशाला?”

“दोन बायका होत्या, आई.”

“तुझ्या यंत्राला दोन दिसल्या. लोकांना एकच दिसली ना? त्या लेकराला एकच दिसली. त्याला आई मिळाली. ते मोठं झालं, राजा झालं. मग बिघडलं कुठं?”

“जी गेली, तिच्यासाठी कुणी रडलं नाही. आणि जी राहिली, तिला तिच्या नावानं कुणी कधी हाक मारली नाही. दोघींचंही बिघडलं.”

आता आईनं शेंग खाली ठेवली. ती वैजयंतीकडे बघत नव्हती. ताटाकडे बघत होती. “एक नाव आहे तोवर कुणीच गेलेलं नाही, वैजू. तू दोन नावं केलीस की त्यातली एक मेली. आज मेली. ती दोनशे वर्षं जिवंत आहे, आणि आज तू तिला मारणार.”

“मी नाही मारत. ती गेलीच होती.”

“मला नको सांगूस कोण गेली नि कोण नाही ते,” आई म्हणाली, आणि अर्धी गवार तशीच टाकून आत गेली.

*

कोशाच्या बैठकीत प्रधान संपादक मुकुंद गद्रे समोर होते. वयानं वडीलधारे, कामाला चोख.

“वैजयंतीबाई, लोक काय विचारणार? ‘ती खोटी राणी कोण?’ असंच विचारणार. मग शीर्षकही तसंच हवं. ‘तोतया मथुराबाई’. स्पष्ट आहे, छोटं आहे, आणि तोतया हा शब्द आपल्या इतिहासात रुळलेला आहे.”

“तोतया स्वतःसाठी येतो, सर. गादी मिळावी म्हणून येतो. हिनं काय मिळवलं? तिनं मुलगा सज्ञान झाल्यावर राज्य त्याच्या हातात दिलं आणि शिक्का खाली ठेवला.”

“मग ‘दाई’ म्हणा.”

“दाई होती ती काही महिने. त्यानंतर कितीतरी वर्षं तिनं राज्य चालवलं.”

 गद्रे जरा मऊ आवाजात म्हणाले, “एक विचारू? ते नाव तिनं मरेपर्यंत लावलं. जाताना कुणाच्या तरी कानात आपलं खरं नाव सांगता आलं असतं. नाही सांगितलं. कदाचित तिला मथुराबाईच राहायचं असेल. मग आपण कोण तिचं नाव काढून घेणारे? लेख एकच ठेवा, आत तळाशी एक परिच्छेद घाला. कुणाच्या भावना दुखावणार नाहीत. संस्थानचे वंशजही गप्प राहतील.”

हे म्हणणं टाकाऊ नव्हतं, हे वैजयंतीला ठाऊक होतं. “तळाचा परिच्छेद सांगाती वाचत नाही, सर. आणि मी नाव काढून घेत नाहीये. दोघींनाही ठेवतेय. फक्त एकीच्या अंगावरून दुसरीला खाली उतरवतेय.”

“बघा. शेवटचा शब्द तुमचाच असतो,” गद्रे म्हणाले.

त्या आठवड्यात तिनं पुष्कळ शीर्षकं लिहिली आणि खोडली. ‘मथुराबाई (खऱ्या)’ लिहिलं की दुसरी खोटी ठरे. ‘जन्मदात्या’ लिहिलं की वाढवणारी परकी होई. सालं दोघींची धड ठाऊक नव्हती. शेवटी तिनं निळवंडीतल्या बायका कसं बोलतात ते आठवलं. त्या कधी ‘राणी मथुराबाई’ म्हणत नसत. तिनं दुसरीच्या लेखाला शीर्षक दिलं: ‘बंधाऱ्याच्या मथुराबाई’. राजपुत्राच्या सख्ख्या आईच्या लेखाला दिलं: ‘मथुराबाई निळवंडीकर (व्यंकोजीराजांच्या बाळंतपणात निवर्तलेल्या)’. त्या बाईच्या वाट्याला आयुष्य इतकं थोडं आलं होतं की कंसात घालायला मरणाखेरीज काही उरलं नव्हतं. ते शीर्षक लिहिताना वैजयंतीचे डोळे भरून आले. मग नुसत्या ‘मथुराबाई’ या नावाखाली तिनं एकच प्रश्न ठेवला, म्हणजे विचारणाऱ्याला आधी निवड करावी लागेल.

*

आईनं सांगातीला काही विचारणं ही रोजची गोष्ट होती. पाऊस, भाव, भजनाची वेळ. त्या दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर तिनं विचारलं, “मथुराबाईंची गोष्ट सांग रे.” वैजयंती शेजारच्या खोलीत होती. आईला कमी ऐकू येई, म्हणून तिचा सांगाती मोठ्यानं बोलायचा.

“कोणत्या मथुराबाई हव्यात?” सांगाती म्हणाला.

आईनं पुन्हा विचारलं. सांगातीनं पुन्हा तोच प्रश्न केला आणि शीर्षकं वाचून दाखवली.  मग आई म्हणाली, “बंधाऱ्याच्या.”

सांगाती सांगू लागला. डोंगरातून आलेली, नाव अज्ञात असलेली तरुणी. राजपुत्राची दाई. त्याला तिनं दूध पाजलं...

वैजयंती धावत बाहेर आली, पण तोवर आईनं यंत्र कानातून काढून हातात घेतलं होतं.

“दूध होतं तिला?” आई म्हणाली.

“हो.”

“तू मला हे सांगितलं नाहीस.”

“नाही सांगितलं.”

“दूध होतं म्हणजे तिचंही लेकरू असणार. तान्हं असणार. ते कुठं गेलं?”

  त्या बाळाची लाळ कुठल्या कुंचीवर नव्हती, केस कुठल्या फणीत नव्हता. त्याच्यापुरती एकही वस्तू कुणी जपून ठेवलेली नव्हती.

“माहीत नाही, आई. गेलं असेल. किंवा मागं डोंगरात ठेवून तिला आणलं असेल.”

“आणि ती दुसऱ्याचं लेकरू मांडीवर घेऊन बसली. रडलीसुद्धा नसेल. रडली असती तर लोकांनी विचारलं असतं, राणीसाहेब, तुमचं बाळ तर खेळतंय, मग रडता कुणासाठी?” आईचा आवाज फुटला. “रडता कुणासाठी...”

मग ती रडली. वैजयंतीनं तिला वडील गेले तेव्हा रडताना पाहिलं होतं; हे तसं नव्हतं. भिंतीवरच्या फोटोकडे बघत, तोंडात पदर कोंबून ती ओरडल्यासारखी रडत होती, जणू पोर आत्ताच गेली होती. वैजयंती जवळ बसायला गेली, तर आईनं तिचा हात बाजूला केला. रागानं नव्हे. त्या वेळी तिला दुसरी मुलगी नको होती.

*

पुढच्या रविवारी आईनं निळवंडीला जायचं म्हटलं. बंधाऱ्याच्या वर नदी शांत होती, खाली दगडांतून खळाळत होती. कडीला सुताच्या दोऱ्यांचा गुंता होता. काही नव्या, काही कुजलेल्या. आई तिकडे गेली नाही. काठी टेकत ती काठाकाठानं खाली एका निवडुंगाच्या कुंपणापर्यंत गेली.

“इथं ठेवली तिला. लहान लेकरांना जाळत नाहीत. तुझ्या वडिलांनी स्वतः खड्डा खणला. मला येऊ दिलं नाही. मी मागच्या दारातून आले आणि लांबून बघितलं.”

वैजयंतीनं विचारलं, “कशी होती ती?”

आपल्या सगळ्या आयुष्यात तिनं हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता, आणि आईनं पहिल्यांदा तिच्याबद्दल ‘ती’ म्हणून सांगितलं. ती हट्टी होती. तिला कुत्र्यांची भीती वाटायची. मक्याचं कणीस आडवं धरून एका टोकाकडून ओळीनं खायची. ताप आला तेव्हा पाणी मागत होती, आणि आजी म्हणाली तापात पाणी देऊ नये, म्हणून आईनं दिलं नाही. सांगताना आईनं दोनदा थांबून तोंड पुसलं.

“तू अशी नव्हतीस,” ती शेवटी म्हणाली. “तू कुत्र्यांच्या गळ्यात पडायचीस. मला दिसत होतं. मी बघत नव्हते.”

घरी आल्यावर आईनं फोटोला हार घातला. फोटोखाली नाव लिहायला सांगितलं, आणि वैजयंतीनं आपलंच नाव सुबक अक्षरांत लिहून तिथं लावलं. तिच्या तिथीला श्राद्धासाठी ब्राह्मण बोलावला. शेजारीपाजारी चकित झाले, एकानं विचारलंसुद्धा, “हे कोण?” आई म्हणाली, “माझी वैजयंती.”

आणि त्या दिवसापासून तिनं वैजयंतीला नावानं हाक मारायची सोडली.

ठरवून सोडली असं नसावं. ‘वै’ म्हणून तोंड उघडे, आणि नजर फोटोकडे जाई. मग ती म्हणे, “अगं, ऐकलंस का?” किंवा नुसतंच “ए बाळा”. स्वयंपाकघरातून हाक मारायची तर भांडं वाजवी. वैजयंतीला आधी वाटलं, होईल सवय. मग वाटलं, विचारावं. एकदा तिनं विचारलंही, “आई, मला वैजू म्हण ना.” आईनं प्रामाणिकपणे प्रयत्न केला. ओठ हलले, आणि ती ओशाळून म्हणाली, “तिला बोलावल्यासारखं वाटतं गं.”

वेगळी व्हायची म्हणून वैजयंतीनं जन्मभर आतल्या आत हट्ट धरला होता. आता ती वेगळी झाली होती. आई तिच्याकडे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं तसं पाहायची, तिला काय आवडतं ते विचारायची, आंबट वरण करणं तिनं बंद केलं. पण नावाच्या हाकेनं जे सगळं घर भरून जायचं, ते गेलं. कोशातले लेख रोज हजारो लोक विचारत होते, ‘बंधाऱ्याच्या मथुराबाई’ हे शीर्षक पाठ्यपुस्तकात गेलं, मुजावरांनी अभिनंदनाचा निरोप पाठवला. ती निरोप वाचायची आणि कान स्वयंपाकघराकडे लावून बसायची.

थंडीच्या अखेरीस आईच्या छातीत पाणी झालं. तिला रुग्णालयात ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी नवी परिचारिका आली, हसरी, बोलकी. उशी सारखी करता करता तिनं विचारलं, “आजी, सोबत कोण आहे तुमच्या?”

“माझी मुलगी,” आई म्हणाली. “धाकटी.”

“हो का? दोन मुली का तुम्हाला?”

“दोन.”

“छान. ह्यांचं नाव काय?”

आईनं मान वळवून वैजयंतीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. तिचे डोळे स्वच्छ होते, भान पूर्ण होतं. वैजयंतीनं तिचा हात हातात घेतला आणि वाट पाहिली.

“हिचं नाव ठेवायचंच राहिलं गं,” आई म्हणाली.